चौगुल्यांची झोप

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये घर शोधताना माणसं आधी शांतता बघतात. आमच्या चौगुल्यांनी विमानांच्या वाटेखालचा फ्लॅट हट्टानं मागून घेतला.

चौगुले मूळचे इचलकरंजीचे. इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आणि माझे वरच्या मजल्यावरचे शेजारी. लहानपणी घरातच पॉवरलूम, त्यामुळे आवाज नसला की या माणसाचा डोळा लागत नाही. रात्री विमानं थांबली की हे टक्क जागे! एका रविवारी दुपारी झोपेसाठी त्यांनी रिकामं वॉशिंग मशीन लावलं. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी गुन्हा. इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर दारात हजर. चौगुले त्याला म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, आत कपडे नाहीत, नुसता आवाज आहे. विषय कट!" तो अजून आमच्या जिन्याकडे संशयानं बघतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्कॉटलंडला निघालो. चौगुल्यांनी डनफर्मलिन गावाचा धोशा लावला. "राव, राजे पुरलेत तिथं!" खरं कारण चौगुलेवहिनींनी विमानात सांगितलं. ते गाव विणकरांचं, राजवाड्यातल्या मेजांवरचं लिनन तिथे विणलं जायचं, आणि तिथल्या संग्रहालयात जुना माग चालवून दाखवतात. "आमचे सासरे, आबा, गेले आणि माग भंगारात गेले. तेव्हापासून ह्यांना एकदा चालता माग ऐकायचाय."

राजे पुरलेल्या त्या मठाच्या दारात पोचतो न पोचतो तोच चौगुले म्हणाले, "राजे कुठं पळत न्हाईत, चला." आम्ही निमूटपणे संग्रहालयात गेलो. एक पांढऱ्या केसांच्या बाई हातमागावर बसल्या होत्या. खटखट सुरू झाली, चौगुले बाकावर टेकले आणि बघता बघता चक्क घोरू लागले! माणसं हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात धागा तुटला आणि बाईंनी माग थांबवला. त्यासरशी चौगुले ताडकन उठले. डोळे अर्धे मिटलेले. मोठ्यानं म्हणाले, "आबा, तुम्ही पडा. मी बघतो."

बाईंना मराठीचा एक शब्द कळला नसेल, पण त्या बाजूला सरकल्या. चौगुल्यांनी तुटलेली टोकं चिमटीत धरून गाठ मारली आणि मग ते पुरते जागे झाले. आपण कुठे आहोत ते कळलं तसे त्यांचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही आले.

बाईंनी माग पुन्हा चालू केला. चौगुले बाकावर येऊन बसले. या खेपेला संग्रहालय बंद होईपर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही.