संहितेच्या डिस्कला पंचामृत

ढुंढिराजशास्त्री संहितेचा शेवटचा अध्याय म्हणायला माइकसमोर बसले, आणि लॅपटॉपने सांगितलं, जागा संपली. गेली काही वर्षं रोज थोडं थोडं करत आख्खी संहिता त्यांनी आपल्या आवाजात त्या यंत्रात उतरवली होती. आवाज आता थकत चालला होता. दुसऱ्यांदा एवढं म्हणणं काही व्हायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि घरातल्यांनाही.

"जागा संपली कशी? बाहेरून तर तेवढाच दिसतोय," शास्त्रीबुवा लॅपटॉप उलटापालटा करून बघत म्हणाले.

निवेदिता त्यांची मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. त्या एका लॅपटॉपवर तिने दोन बिऱ्हाडं थाटली होती. विंडोजमध्ये तिचं काम, लिनक्समध्ये बाबांचा पाठ.

"माझ्या खोलीत जागा पडून आहे, बाबा. मधली भिंत माझ्याकडे सरकवते. फक्त त्यासाठी तुमचं सगळं सामान उचलून नव्या जागी लावावं लागतं. तेवढ्यात मशीन बंद पडलं तर संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणून तर आधी कॉपी करून ठेवायची."

पोरीने सगळं शहाण्यासारखं केलं. विंडोज नुसतं झोपवलं नाही, नीट पूर्ण बंद केलं. बाबांचा फोल्डर जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर उतरवला. त्याला भलताच वेळ लागला, पण आत काय काय आहे ते उघडून बघायचं काही तिच्या डोक्यात आलं नाही. मग तिने डिस्क बाबांच्या हातात दिली. "जिवापाड जपा. घरात सगळ्यात सुरक्षित जागा असेल तिथे ठेवा."

चुकली ती इथेच. काशीतल्या वैदिकाला असं सांगतात का कुणी?

पेनड्राइव्हवरून मशीन चालू झालं, निवेदिताने बटण दाबलं आणि भिंत सरकायला लागली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, म्हणून तो इन्व्हर्टरच्या प्लगला लावलेला. बाहेरच्या खोलीत साताऱ्याचे यजमान नरहरपंत घाटावरचं कार्य उरकून जेवणाची वाट बघत बसले होते. स्वयंपाकघरातून निवेदिताची आई पद्माताई पदराला हात पुसत आल्या.

"निवे, तुझी ती काळी डबी दह्याने खराब होते का गं?"

"कुठली काळी डबी?"

"ह्यांनी देवघरात ठेवलीये ती."

निवेदिता तशीच उठली. तिने देवघराच्या दारातूनच विचारलं, "बाबा, काय केलंत?"

"काय म्हणजे? आख्खी संहिता आहे तीत," सोवळ्यात बसलेले शास्त्रीबुवा म्हणाले. "देवघरात ठेवायची आणि कोरडीच? शाळिग्रामाबरोबर पंचामृत घातलं. वरून शुद्धोदकही घातलंय, चिकट नाही राहिली."

निवेदिताने मागे वळून लॅपटॉपकडे पाहिलं. म्हणजे आता बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि तिथे तो अर्धा उचललेला, अर्धा ठेवलेला होता. नेमकं तेव्हाच गल्लीतल्या माकडाने तारेवर उडी घेतली आणि बिजली गेली.

इन्व्हर्टर म्हातारा होता. दोन पंखे आणि एक दिवा, याच्यापुढे त्याने कधी मजल मारली नव्हती.

"पंखे बंद करा. फ्रिज बंद. आई, मिक्सरला हात लावू नकोस."

"अगं, चटणी व्हायचीये."

"पाट्यावर वाट."

नरहरपंतांच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. "आमच्याकडे पाहुण्याला पंख्याखाली बसवतात हो," ते म्हणाले.

"आमच्याकडेही बसवतात," म्हणत पद्माताईंनी त्यांच्या हातात ताडाचा पंखा दिला. पंतांनी तो स्वतःकडे वळवला, तोच त्या म्हणाल्या, "आधी जरा लॅपटॉपला घाला. तापलाय बिचारा."

पंत निमूटपणे लॅपटॉपला वारा घालू लागले. निम्मी भिंत सरकली, आणखी सरकली. आणि इन्व्हर्टर कोकलायला लागला.

"झेपत नाहीये त्याला. कोण लाइट खातंय?" निवेदिताने घरभर नजर टाकली. सगळी बटणं बंद होती. मग देवघरातून येणारी घूं घूं तिच्या कानावर पडली, आणि ती धावली. शास्त्रीबुवा पाटावर मांडी घालून तिचा केस वाळवायचा ड्रायर डिस्कवर धरून बसले होते.

"शिवू नकोस मला, सोवळ्यात आहे," ते म्हणाले. "वाळवतोय. चूक माझी, मीच निस्तरतो. ड्रायरवर गंगाजल शिंपडून घेतलंय आधी."

निवेदिताने बाबांना न शिवता भिंतीतला प्लग उपटला. इन्व्हर्टर गप्प झाला. ती परत आली तेव्हा पंत घामाने न्हाले होते, पण पंखा थांबला नव्हता. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी शेवटच्या टोकाला टेकली. निवेदिताने पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा चालू केलं, आणि दोन्ही बिऱ्हाडांची नावं पडद्यावर एकाखाली एक उभी राहिली. तिने लिनक्स उघडलं. पहिल्या अध्यायातला शास्त्रीबुवांचा खणखणीत आवाज घरभर घुमला.

देवघराच्या दारात उभ्या शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. नरहरपंतांनी पंखा खाली ठेवून हात जोडले. "गंगेत घोडं न्हालं एकदाचं," पद्माताई म्हणाल्या. एवढ्यात बिजलीही आली. पंत आता ज्याला त्याला सांगायला मोकळे होते की काशीत वेद त्यांनी वाचवले.

किती जागा मोकळी झाली ते बघायला निवेदिताने बाबांचा फोल्डर उघडला. आत आणखी एक फोल्डर होता, 'निर्माल्य' नावाचा. तो निघाला इतका मोठा की नवी मिळालेली सगळी जागा त्यात दोनदा मावली असती.

"बाबा, हे काय आहे?"

"चुकलेले पाठ. कुठे खोकला आला, कुठे भाजीवाला ओरडला. शब्द तर वेदाचेच ना, कचऱ्यात कसे टाकणार? साठले की गंगेत सोडीन म्हणतो."

निवेदिताने तोंड उघडलं. हा एक फोल्डर दुसरीकडे हलवला असता तर ना भिंत सरकवायची होती, ना कुणाला घाम गाळायचा होता. मग तिने घामाघूम पंतांकडे पाहिलं, पाट्यावर चटणी वाटून आलेल्या आईकडे पाहिलं, आणि आनंदाने माइक पुसणाऱ्या बाबांकडे पाहिलं. तिने फोल्डर बंद केला.

"भरपूर जागा झालीये, बाबा. म्हणा तुम्ही."

शास्त्रीबुवांनी शेवटचा अध्याय सुरू केला. आवाज चांगला लागला होता. अर्ध्यावर त्यांना जोराचा खोकला आला. ते थांबले, घोटभर पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "निवेदिता, हा निर्माल्यात ठेव. पहिल्यापासून म्हणतो."