एका वाक्याची श्रद्धांजली

आप्पा श्रद्धांजलीला उभे राहिले की हल्ली मयताचे नातेवाईक मनातल्या मनात देवाचा धावा करतात.

आमच्या पाटणकडे रक्षाविसर्जनाला नदीकाठी भाषणं होतात. माईक असतो, पुढाऱ्यांची रांग असते आणि गेलेला माणूस दर भाषणागणिक थोर होत जातो. माझे शेजारी आप्पा पूर्वी या कामातले बादशहा होते. ‘मनमिळाऊ, दानशूर, अजातशत्रू’ हे तीन शब्द ते एका दमात म्हणायचे. ज्याच्या दारी भिकारीसुद्धा फिरकत नसे तो दानशूर, आणि सख्ख्या भावांना कोर्टात खेचणारा अजातशत्रू. लोकांनाही तेच हवं असायचं. मी बांगड्यांचं दुकान बंद करून जायचो ते पुष्कळदा आप्पांना ऐकायलाच.

आता ते एकच वाक्य बोलतात, आणि तेही खरं. परवा एका बागायतदाराच्या रक्षाविसर्जनाला म्हणाले, “ह्येचं माजं कवा पटलं न्हाई, पर माजा बैल हिरीत पडला तवा दोर घिऊन पयला ह्योच पळत आला.” एवढं बोलून बसले. मुलगा लालेलाल झाला. त्याची आई मात्र तोंडाला पदर लावून रडली.

पुष्कळांनी त्यांना निरोप धाडणंच बंद केलंय. आप्पा तरीही जातात. “मानूस कायमचा निघालाय,” ते म्हणतात, “त्याच्यासंगं खोटं कशाला धाडायचं?”

या वेडाचं मूळ सुमनवहिनींच्या रक्षाविसर्जनात आहे. सुमनवहिनी म्हणजे आप्पांची बायको. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. नदीकाठी सगळ्यांचं बोलून झालं, आणि कुणीतरी सवयीनं माईक आप्पांच्या हातात दिला. आप्पांनीही सवयीनं घेतला. मनमिळाऊ झालं, दानशूर झालं, अजातशत्रू झालं. शेवटी घसा खाकरून म्हणाले, “त्यांच्या कुटुंबीयांना हे दुःख सोसण्याचं बळ परमेश्वर देवो. मी त्यांच्या दुःखात सहभागी आहे.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांनी माईककडे पाहिलं, मग राखेकडे, आणि तिथंच मटकन खाली बसले.

वर्षश्राद्धाला तरी वहिनींबद्दल एक खरं वाक्य बोलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग काय, रोज दुकानात येऊन माझ्यावर प्रयोग!

“ती लय कष्टाळू हुती.” मग स्वतःच मान हलवायचे. “हे समद्याच बायकांचं म्हनत्यात.”

“सैपाक झ्याक करायची.”

“चांगलं आहे की, आप्पा.”

“आवं अत्तारभाई, हे खानावळीचं झालं!”

हसू यायचं, पण वाईटही फार वाटायचं. गावातल्या प्रत्येक मयताला ज्यानं शब्द पुरवले, त्याला घरच्या माणसासाठी एक वाक्य सापडत नव्हतं.

वर्षश्राद्धाला मी आणि माझी बायको जैनब गेलो होतो. जेवणं उरकली तसे आप्पा ओसरीवर उभे राहिले. हात रिकामे, काय करावं न कळून त्यांनी ते मागं बांधले. मग जैनबकडे वळले.

“वैनी, तुमी आन सुमन दुपारच्याला परड्यात बसून लय हसायचा. मला फाटकात आवाज यायचा. मी आत आलो की ती गप व्हायची.” मग त्यांनी विचारलं, “कशाला हसत हुता वो?”

जैनब गडबडली. “काय न्हाई आप्पा. असंच. कशालाबी.”

“असंच?”

“व्हय. सुमनला एकदा हसू आलं की थांबायचंच न्हाई. डोळ्यातनं पानी यायचं तिच्या.”

आप्पा हे ऐकत होते, जणू कुणीतरी परक्या बाईबद्दल त्यांना सांगत होतं.

“उभ्या संसारात,” ते सावकाश म्हणाले, “तिचं हसू मी निस्तं फाटकातनं ऐकलं, तिच्या तोंडावर कवा बगितलं न्हाई.”