घेणाऱ्याच्याच हाती

पेटी कशी बांधावी हे जगात एकाच माणसाला कळतं, असं पेटीवाले काकांचं ठाम मत होतं. तो माणूस कोण, हे ते स्वतःच्या तोंडाने सांगत नसत. समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा असे. काचसामानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पेट्या बांधल्या, एक कप फुटला असेल तर शपथ! निवृत्तीनंतर मात्र बांधायला काही उरलं नाही आणि बोलायला कोणी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी रविवारी फोन करी. सोमवार ते शनिवार ते गिझरवर डाफरत.

म्हणून त्यांनी पाच दिवसांच्या सायकल सहलीत नाव घातलं. सायकलीचं वेड असं नव्हतं, पण माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'जेवण सर्वांनी एकत्र.' बारा माणसं, एक टेबल! त्यांनी चार विनोदसुद्धा पाठ केले.

सहल जिथून निघणार त्या लॉजवर सायकल पार्सलने आधी पाठवायची होती. ती त्यांनी अशी बांधली, की आत सायकल आहे की पियानो हे सायकलीलाही सांगता आलं नसतं. वर कारखान्यातला जुना शिक्का हाणला: 'फोनवर खात्री केल्याशिवाय आणि घेणाऱ्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये.' फोन नंबर घरचा. मोबाइल प्रवासात हरवतो. घरचा फोन कधी घर सोडून जात नाही! केवढा हा दूरचा विचार!

सहलीच्या सकाळी लॉजसमोर अकरा जण हेल्मेट घालून सायकलींवर बसले होते. बारावे पेटीवालेही हेल्मेट घालून होते, फक्त खाली सायकल नव्हती. सगळे तासभर थांबले. शेवटी सहलीच्या म्होरक्या बाई म्हणाल्या, "काका, हेल्मेट आणि बॅग सामानाच्या टेम्पोत टाका. सायकल आली की गाठा आम्हाला. जेवायला तुमची खुर्ची धरून ठेवते."

त्या खुर्चीपायी पेटीवाल्यांनी पार्सल कचेरीला फोन लावला.

"तीनदा फोन केला काका," तिथल्या बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी कोणी उचलतच नाही."

"कोण उचलणार? मी इथे आहे!"

"मग घरच्यांना सांगा ना उचलायला."

"घरचे म्हणजे मीच."

"बरं, मग ते कुठे आहेत?"

"इथे!"

बाईंनी कीबोर्ड बडवला. "मोबाइल नंबर घालून देते. पण बदलाची विनंती जुन्या नंबरवरून यावी लागते."

आता आली का पंचाईत! पेटीवाले अकरा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घरी आले आणि बूटही न काढता फोनवर तुटून पडले.

"अगंबाई, तुम्ही घरी?" बाई हळहळल्या. "फोन कोणी उचलेना, म्हणून पेटी आज थेट लॉजवरच नेली होती. मॅनेजर म्हणाले, घेणारे घरी गेले. म्हणून ती तुमच्याकडे निघालीय."

"कोणी सांगितलं हा शहाणपणा करायला?"

"तुमच्याच शिक्क्याने, काका. घेणाऱ्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये."

पेटीवाल्यांनी फोन ठेवला आणि बूट काढायला घेतले. तेवढ्यात मोबाइलवर फोटो आला: लांब टेबल, अकरा हसरी तोंडं आणि बाराव्या खुर्चीवर त्यांचं हेल्मेट. निदान ते तरी जेवायला पोचलं होतं.

सहाव्या दिवशी पेटी आली. एक ओरखडा नाही! पार्सलवाला चारी बाजूंनी बघत म्हणाला, "काय बांधलीय साहेब! आत आहे तरी काय?"

"ओळखा," पेटीवाले खुर्ची पुढे सरकवत म्हणाले.

पार्सलवाल्याने कपाट, शिलाई मशीन आणि पियानो असे तीन अंदाज केले, चहा घेतला, पाठ केलेल्यांपैकी दोन विनोद ऐकले आणि पुढचं पार्सल आठवून पळाला.

पेटीवाल्यांनी पेटी उघडली नाही; पुढे कोणी आलं तर त्यालाही ओळखायला लावता आलं असतं. घरचा फोन वाजला.

"काका, पार्सल कचेरीतून बोलतेय. पेटी मिळाली ना? आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

"दहा," असं अगदी जिभेवर आलं होतं. पेटीवाल्यांनी ते गिळलं आणि घसा साफ केला.

"असं घाईघाईत नाही सांगता येणार बाई. उद्या परत फोन करा. मी घरीच आहे."