प्रेमानंदचा पहिला गिअर

"रविवारी सकाळी दहाला ही गाडी फाट्यावर उभी दिसंल. न्हाई दिसली, तर जिंदगीत पान्याला हात लावनार न्हाई!"

असं प्रेमानंदनं अख्ख्या कुरुंद्याला सांगून ठेवलं होतं. अख्ख्या म्हणजे, त्याच्या मोटारसायकलींच्या गॅरेजात दिवसभरात जेवढं कुरुंदं येऊन टेकतं, तेवढ्याला. गाडी म्हणजे त्यानं स्वतः बनवलेली लाल स्पोर्ट्स कार! पाइपांचा सांगाडा, पत्र्याचं अंग, दोनच सीटा आणि कुठल्याशा ठोकलेल्या छोट्या गाडीचं इंजिन, तेही सीटांच्या मागं.

दोन वर्षं ती त्याच्या सासऱ्यांच्या खळ्यात उभी होती. सासरे पुंजाजी म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. "चौतीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा न्हाई," हे वाक्य ते प्यायला पाणी मागतानासुद्धा घुसवत. हळदीचा हंगाम आला, खळ्यात जागा पुरेना, तेव्हा त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "जावई, रविवारी गाडी फाट्यापर्यंत स्वतः चालत गेली तर ठेवा. न्हाईतर सोमवारी भंगारवाला बोलावतो."

दोन वर्षांतला प्रत्येक रविवार प्रेमानंदनं त्या पत्र्यात घातला होता.

राहिलं होतं फक्त गिअरचं काम. दांडा पुढं, गिअरबॉक्स मागं, मधे दोन केबली. एक केबल दांड्याची डावी-उजवी चाल मागं पोचवते, दुसरी पुढची-मागची. आता इंजिनच मागं नेलं म्हटल्यावर केबली गिअरबॉक्सला मूळच्या उलट बाजूनं येणार, हे कागदावर काढून बघायला हवं होतं. पण कागद काढणं म्हणजे स्वतःच्या हातावर संशय घेणं, असं त्याचं ठाम मत होतं!

शनिवारी दुपारी त्यानं केबली आवळल्या, गाडीचा मागचा भाग दगडांवर चढवला, इंजिन चालू केलं आणि पहिला गिअर टाकला. चाक फिरलं!

"संध्या, फिरलं गं! फिरलं!" तो बायकोला ओरडून सांगू लागला.

पण संध्याच्या आधी सासूबाई जनकाबाई धावत आल्या. "जावई, ते चाक हवेत उगंच काहून फिरून राहिलंय? इकडं लाईट गेली, माझा हळद पॉलिश करायचा ड्रम बंद पडला. लावा की त्याला पट्टा!"

हळदीच्या हंगामात कुरुंद्यात फिरणारी कुठलीच वस्तू कुणी वाया जाऊ देत नाही. टायर काढला, रिमवर पट्टा चढवला, दुसऱ्या चाकाला पाचर मारली आणि संध्याकाळपर्यंत पहिल्या गिअरवर क्विंटलभर हळद पॉलिश झाली. आता ड्रम कुठल्याही बाजूनं फिरवा, हळद चमकतेच. तो कुठल्या बाजूनं फिरतोय, हे कोण बघतो? जनकाबाई हळद बघत होत्या आणि प्रेमानंद जनकाबाईंचं खुललेलं तोंड!

"एकदा खाली उतरवून चालवून तर बघा," संध्या म्हणाली.

"अगं, क्विंटलभर हळदीनं सर्टिफिकेट दिलंय!"

रविवारी खळ्यात जत्रा जमली. गाडीचं तोंड फाटकाकडं, मागं हळदीच्या भुकटीची पोती. पुंजाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेजारी बसले. प्रेमानंदनं सगळ्यांना जयभीम घातला, पहिला गिअर टाकला आणि ऐटीत क्लच सोडला.

गाडी सुसाट निघाली. मागं!

धाडकन पोती फुटली. खळ्यावर पिवळा ढग उठला. ढग खाली बसला, तेव्हा पुंजाजींच्या अंगावर पांढरं म्हणावं असं फक्त डोळ्यांत उरलं होतं.

"मामीऽऽ, जावयाला दुसऱ्यांदा हळद लागली!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

प्रेमानंदनं घाईघाईनं दांडा ओढला. दुसरा टाकला, इंजिन बंद. तिसरा टाकला, बंद. चौथा टाकला, गाडीनं उचकी दिली आणि बंद! भंगारवाला डोळ्यांपुढं नाचू लागला. शेवटी वैतागून त्यानं दांडा रिव्हर्सला हाणला, आणि गाडी शहाण्यासारखी पुढं निघाली!

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक नाही, दोन्ही केबली उलट्या बसल्या होत्या! डावं उजवीकडं, पुढचं मागं, म्हणजे पहिल्याच्या जागी रिव्हर्स! काल ड्रम फिरवला तो चक्क रिव्हर्सनं! आता दांडा हलवायची छाती कोणाची? रिव्हर्सच्या जागी सापडलेल्या त्या पहिल्या गिअरवरच गाडी रडत-केकाटत फाट्याकडं निघाली. चाल अशी की जनकाबाई शेजारून पायी चालत, "जावई, खड्डा हाये! जावई, शेळी हाये!" असं सांगत होत्या.

दहाला पाच कमी असताना फाटा आला. प्रेमानंदनं गाडी थांबवली. पुंजाजींची नजर वाटभर फक्त गिअरच्या दांड्यावर होती.

"उतरा," ते म्हणाले.

"मामा, पोचली ना गाडी?"

"पोचली. उतरा." ते सरकून स्टेअरिंगवर बसले आणि बोटं मोजू लागले. "रिव्हर्सला पहिला लागला. म्हंजे पाचव्याला दुसरा, चौथ्याला तिसरा. उलटं मोजायचं, बस! जनका, बस इकडं. बाळापूरला तुझ्या भावाला गाडी दाखवून येऊ."

"मामा, उद्या केबली बदलतो मी…"

"खबरदार हात लावला तर! आता कुटं बराबर समजून राहिली मला. गाडी पास. मिस्तरी नापास!"

आणि गाडी निघाली. दुसरा पडला, तिसरा पडला, चौथा पडला. कुठं खट्ट म्हणून आवाज नाही. आपली गाडी पळताना कशी दिसते, हे प्रेमानंद जन्मात पहिल्यांदा बघत होता. पिवळा जर्द, फाट्यावर एकटा, पण आनंदानं नुसता फुलून आला होता!

टपरीवरच्या एका परगावच्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला. "काय गाडी हाये राव! कोनाची हो?"

प्रेमानंदनं छाती फुगवली, तोंड उघडलं, लांब वळणावर दिसेनाशा होणाऱ्या लाल ठिपक्याकडं एकदा बघितलं.

"सासऱ्यांची," तो म्हणाला आणि घराकडं चालू लागला.