केबिन मजल्यांच्या मधे विसावली आहे

"अगं बाई, मेले मी!" ही हाक माझ्या कानात लहानपणापासून मुक्कामाला आहे. समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशींची. दूध उतू गेलं तरी हीच, सुई हरवली तरी हीच, आणि एकदा त्या खरोखर जिन्यावरून गडगडल्या तेव्हाही हीच. त्या वेळी कोणीही जागचं हललं नाही. (पाय बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता.) तात्पर्य, ज्या समाजात गोष्टींचं गांभीर्य आधी ठरवून दिलेलं नसतं, त्या समाजाचे पाय मोडतात.

आमच्या कंपनीने हे वेळीच ओळखलं. आम्ही लिफ्टसाठी ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधे बसलेला एक प्रोग्राम; सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. याचं त्याला सांगायचं, त्याचं याला सांगायचं, आणि सांगताना जमेल तेवढं गोड करायचं. घडेल ते सगळं तो लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, टिपत जातो आणि प्रत्येक नोंदीला तीव्रतेची पायरी लावतो. अगदी तळाला डीबग, म्हणजे स्वतःशीच केलेली पुटपुट. त्यावर इन्फो, म्हणजे "सांगून ठेवतो हं". मग नोटीस, वॉर्निंग, एरर असं चढत चढत शेवटी इमर्जन्सी, म्हणजे बोंब. तळमजल्यावर वॉचमनच्या स्क्रीनवर फक्त बोंब दिसते. बाकीचं साठवलं जातं. (साठवलेलं कोणी वाचत नाही, पण साठवलेलं आहे या विचाराने झोप चांगली लागते.)

कशाला कुठली पायरी, हे ठरवायला तीव्रता समिती नेमली गेली. मी तिचा कार्यवाह. समितीचा पहिला नियम फार दूरदृष्टीचा होता: ज्याच्या प्रोग्राममधून एरर येईल, त्याने सोमवारी साहेबांसमोर उभं राहून ती का आली ते सांगायचं. सोमवार उजाडायच्या आत एरर नाहीशा झाल्या. इतका हातगुण एखाद्या वैद्यालाही लाभला नसेल. "मोटर जळाली" याचं "मोटर उबदार आहे" झालं. "दरवाजा अडकला" याचं "दरवाजा विचार करतो आहे". दोन्ही इन्फो.

इकडे बोंबेची मात्र टंचाई पडली नाही. स्क्रीनवर तेवढीच दिसते म्हटल्यावर प्रत्येकाला आपलं काम तिथे हवं झालं. दिवेवाल्यांनी "दिवा लागला!" इमर्जन्सीत टाकलं. संगीतवाल्यांनी गाणं बदललं की इमर्जन्सी. जाहिरातवाल्यांनी "आमची लिफ्ट निवडल्याबद्दल आभार". समितीच्या पाहणीनुसार शंभरातल्या नव्वद बोंबा आनंदाच्या होत्या आणि उरलेल्या आभाराच्या. शेवटी वॉचमनने स्क्रीनवर टॉवेल वाळत घातला. (समितीने याची नोंद "वापरकर्ता समाधानी" अशी घेतली.)

मूळ ड्रायव्हर ज्याने लिहिला, त्याला ऑफिसात पुटपुट्या म्हणतात. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला डीबगच वाटते. त्याची बायको चाचणी विभागात आहे. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणतात. वहिनींना दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं होतं, तिथल्या चाचणी विभागाची प्रमुख म्हणून. होय की नाही, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नवरा "जा" म्हणाला नव्हता, "नको जाऊ" म्हणाला नव्हता. "बघ, तुझं तू ठरव," एवढंच म्हणाला होता, तेही कांदा चिरताना. (डोळ्यांतलं पाणी त्यामुळे पुरावा म्हणून धरता येत नाही.)

"कुठल्याही मशीनचं तोंड उघडून दाखवते," वहिनी म्हणायच्या, "ह्याचं सोडून."

संध्याकाळी आम्ही ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीवर चालणाऱ्या आमच्याच लिफ्टने खाली निघालो: साहेब, मी, वहिनी, पुटपुट्या. मधेच लिफ्ट हिसका देऊन थांबली. गाणं बदललं.

"काय झालं रे?" साहेब.

पुटपुट्याने लॅपटॉप उघडला. "इन्फो आहे, साहेब. केबिन मजल्यांच्या मधे विसावली आहे."

"विसावली? अरे, अडकलीये!"

"अडकली लिहिलं असतं तर सोमवारी उभं राहावं लागलं असतं."

साहेबांनी धोक्याची बेल दाबली. मग पुन्हा. मग अंगठा तिथेच ठेवला.

"ती नोटीस आहे," पुटपुट्या म्हणाला. "पोरं उगाच दाबतात म्हणून तुम्हीच खाली आणलीत."

"मग चढव की वर!"

"त्याला समितीची बैठक लागते," मी नम्रपणे म्हणालो.

मोबाईलला रेंज नव्हती. ओरडायची सोय नव्हती, कारण वरच्या मजल्यावर ग्राहक चहा पीत बसले होते. म्हणून साहेबांच्या अध्यक्षतेखाली बैठक तिथेच सुरू झाली. अडकण्याला वॉर्निंग द्यावी असा ठराव आला. वॉर्निंगने ग्राहक बिचकतो, असं साहेबांनीच निदर्शनास आणलं. "मनापासून विसावली" अशी उपसूचना आली. वहिनी भिंतीला टेकून हसत सुटल्या. पोट धरून, डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत. मग घड्याळ बघून एकदम दरवाजाची फट चाचपू लागल्या.

"घाबरू नका, वहिनी," साहेब म्हणाले.

"घाबरतेय कुठे? खाली पोचले की मला उत्तर कळवायचंय." त्या नवऱ्याकडे वळल्या. "एक नोंद अजून आलेली नाही रे. कुठे टाकलीयेस?"

पुटपुट्या ओठातल्या ओठात म्हणाला, "डीबगमध्ये."

"आणि माल बाहेर पाठवताना डीबगचं काय करतो आपण?"

"बंद करतो."

"कोणापर्यंत पोचतं मग ते?"

पुटपुट्याने लॅपटॉप मिटला. कान लाल झाले, आणि मग ज्या माणसाचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत कधी पोचला नव्हता, तो ओरडला, "मी येतो तुझ्याबरोबर! तू विचारशील म्हणून थांबलो होतो गं!"

वर कोणाचा तरी कप फुटला. खालून, टॉवेलच्या पलीकडून, वॉचमनचा आवाज आला, "धीर धरा, आलोच!"

"आणि मला वाटलं, तू सांगशील," वहिनी म्हणाल्या.

ही नोंद कोणत्या पायरीवर घ्यावी, यावर समितीचं एकमत झालेलं नाही. जाणकार वाचकांकडून सूचना मागवण्यात येत आहेत. मात्र सूचना पाठवण्याआधी घरातल्या माणसाला "काय झालं?" असं एकदा विचारून घ्यावं. उत्तर "काही नाही" असं आलं, तर सूचना राहू द्यावी, हातातलं हे बाजूला ठेवावं, आणि खुर्ची जवळ ओढून बसावं.