पेठेतला पहिला इंटरकूलर

हवा तापली की पातळ होते आणि गार झाली की घट्ट होते, या एकाच नियमावर सृष्टीचा बराचसा कारभार चालतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हा नियम मे महिन्यातल्या एका मंगळवारपर्यंत कुणाला ठाऊक नव्हता. बुधवारी तो सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि त्यावरून दोन गटही पडले होते.

याला कारण राजशेखर. पेठेत त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. वय सत्तेचाळीस, स्वभाव शांत, गाडी सोळा वर्षांची डिझेल. गाडीला टर्बो होता. पण इंजिनात जाणारी हवा गार करणारा इंटरकूलर कंपनीने दिला नव्हता आणि राजशेखरांनीही कधी मागितला नव्हता. मागायची वेळ आणली ती सासऱ्यांनी.

सासरे भरमाप्पा, म्हणजे जावयांचे मामा, दर मे महिन्यात वैभववाडीला एका जुन्या दोस्ताच्या आंब्याच्या बागेत आठ दिवस मुक्कामाला जातात. नवव्या दिवशी त्यांना आणायला दोन्ही जावई दोन गाड्या घेऊन जातात. एका गाडीत सासरे आणि सगळे आंबे सहज मावतील, हे दोघांनाही माहीत आहे. पण ती एक गाडी कोणाची, यावर एकमत नाही. गेल्या वर्षी मामा राजशेखरांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. गगनबावड्याचा घाट चढताना तिसऱ्या वळणावर गाडीने धाप टाकली. मागून धाकटा जावई रुद्रेश आला. त्याचे कबनूरला यंत्रमाग आहेत, आणि गाडी दर तीन वर्षांनी नवी असते. त्याने काच खाली केली आणि अतिशय मऊ आवाजात म्हटले,

"मामा, हिकडं या. एसी बी हाय."

आणि मामा उतरले. भर घाटात, पानाची चंची काखेत मारून, एका जावयाच्या गाडीतून उतरून दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. ही बातमी राजशेखरांच्या आधी कोल्हापुरात पोचली. वर्षभर चष्म्याचा नंबर काढायला आलेले गिऱ्हाईक खालची ओळ वाचता वाचता विचारी, "सासरं घाटात उतरलं म्हनं?"

तेव्हा यंदा मामांनी पुढच्या सीटवर बसायचे आणि कोल्हापूर येईपर्यंत उतरायचे नाही, एवढीच राजशेखरांची आयुष्याकडून मागणी होती.

मंगळवारी ते उद्यमनगरात कृष्णातच्या गॅरेजवर गेले. कृष्णातने बॉनेट उघडले, आत बघितले आणि हात पुसत निदान सांगितले.

"टर्बो काय करतोय शेठ, इंजिनाला हवा कोंबून भरवतोय. कोंबली की हवा तापतीया. तापली की पातळ हुतीया. म्हंजे ताटात आमटीच आमटी, भाकरी न्हाई. घाटात उपाशी पोटी कोन चढंल? मधी इंटरकूलर घालायचा. हवा गार हुतीया, घट्ट हुतीया, इंजिन पोटभर जेवतंय."

शंभर गॅरेजवाल्यांपैकी नव्वद जणांना जे इतके नीट सांगता आले नसते, ते कृष्णातने सांगितले. त्याने बेताच्या आकाराचा एक इंटरकूलर दाखवलाही. दोन वह्यांएवढा. बंपरच्या मागे बसला असता, कुणाला दिसलाही नसता. राजशेखरांनी तिथल्या तिथे होकार दिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते म्हणाले, विचार करून सांगतो. आणि विचार करायला पेठेत आले.

पेठेत एकट्याने विचार करण्याची सोय नाही. तालमीसमोरच्या कट्ट्यावर रात्री आठपर्यंत विषय निघाला आणि साडेआठला तो राजशेखरांच्या हातात राहिला नाही. तालीम मंडळाचे अध्यक्ष धैर्यशील यांनी तो ताब्यात घेतला. धैर्यशीलांकडे गाडी नाही, परवाना नाही, सायकलही भावाची आहे. त्यामुळे त्यांचे मत कुठल्याही बाजूला झुकलेले नव्हते.

इंटरकूलर दोन जातींचे असतात, असे राजशेखरांनी सहज सांगितले: एक समोरच्या वाऱ्याने गार होतो, दुसऱ्यात पाणी फिरवावे लागते. हे सांगायला नको होते. अर्धा कट्टा तत्काळ वाऱ्याच्या बाजूने झाला आणि अर्धा पाण्याच्या. पाणीवाल्यांचे म्हणणे, तालमीतला पैलवान मेहनतीनंतर हौदात उतरतो, पंख्याखाली बसत नाही. वारेवाल्यांचे म्हणणे, पंचगंगेत पाणी असूनही उन्हाळ्यात नळाला येत नाही. जे शहराला मिळत नाही ते गाडीला कुठून आणणार. तीन दिवस हा वाद चालला. शुक्रवारी पाणीवाल्यांचा म्होरक्या मामेभावाच्या लग्नाला गेला आणि वारेवाले बहुमताने निवडून आले.

राहिला आकाराचा प्रश्न. दोन वह्यांएवढा इंटरकूलर ऐकून धैर्यशीलांचा चेहरा पडला.

"राजूशेठ, कबनूरवाल्यापुढं तुम्ही येवढासा घालून जानार? पेठेची गाडी हाय म्हटल्यावर लांबनं दिसाय पायजे की."

त्यामुळे मोडीत निघालेल्या बाराचाकी ट्रकचा इंटरकूलर आणण्यात आला. तो आणायलाच एक टेंपो लागला. कृष्णातने त्याच्याकडे बघितले, गाडीकडे बघितले आणि एका प्रामाणिक माणसाने द्यावा तो इशारा दिला: एवढ्या मोठ्या डब्यात हवा भरायलाच वेळ लागेल; पाय आज दाबला तर जोर उद्या येणार.

"येऊ दे की," धैर्यशील म्हणाले. "घाट परवा हाय."

बसवताना गाडीची जाळी, बंपर आणि राजशेखरांचा विरोध या तिन्ही गोष्टी काढून बाजूला ठेवाव्या लागल्या. हॉर्न मागच्या सीटखाली गेला. नंबरप्लेट तिरकी झाली. एक दिवा डावीकडे बघू लागला आणि दुसरा आभाळाकडे. हा दोष माणसात असता तर राजशेखरांनी तो पाच मिनिटांत ओळखला असता आणि सांगलीच्या डॉक्टरांकडे पाठवले असते. गाडीच्या बाबतीत ते एवढेच म्हणाले की, जरा वेगळी दिसते.

चाचणीही झाली. रंकाळ्याच्या कोपऱ्यावर राजशेखरांनी पाय दाबला. काही झाले नाही. त्यांनी जरा वाट पाहिली, मग कंटाळून पाय काढला, आणि फुलेवाडीच्या नाक्यावर चहाला थांबावे म्हणून गाडी कडेला घेत असताना तो जोर आला. चहावाला चांगला माणूस होता. त्याने फक्त बाकडे आत घेतले. या अनुभवावरून राजशेखरांनी एक पद्धत बसवली: पुढच्या वळणासाठी लागणारा जोर मागच्या वळणावर मागायचा. बायको सुष्मिता म्हणाली, मग घरातनंच पाय दाबून निघा. त्यांनी ते मनावर घेतले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तालमीसमोर सत्कार झाला. ते ऐनवेळी कळले. चौकात मोठा फ्लेक्स लागला होता: 'पेठेतील पहिल्या इंटरकूलरबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्यावर तेवीस चेहरे होते, आणि तळाला डाव्या कोपऱ्यात, नीट बघितले तर, राजशेखर. तसाच एक लहान फ्लेक्स गाडीसाठी करून आणला होता. तो गाडीच्या नाकावर, बरोबर इंटरकूलरवर बांधण्यात आला.

"वाऱ्यानं फाटायचा," राजशेखर म्हणाले.

"म्हनून तर चारी अंगानं आवळलाय," धैर्यशील म्हणाले. "आता वाऱ्याचा बाप आला तरी आत शिरत न्हाई."

फ्लेक्स सांभाळायला मंडळाचा एक प्रतिनिधी बरोबर जाणे ओघानेच आले. धैर्यशील सत्काराच्या फेट्यासकट गाडीत बसले. त्यांना जागा हवी म्हणून सुष्मिताला बहीण सौंदर्याच्या, म्हणजे रुद्रेशच्या, गाडीतून जावे लागले. ती एका शब्दानेही रागावली नाही. त्या गाडीत एसी होता.

वैभववाडीपर्यंत घाट उताराचा, त्यामुळे इंटरकूलरच्या कामगिरीबद्दल कुणाला बोट दाखवता आले नाही. बागेत पोचल्यावर मामा डोक्याला पांढरा पटका, हातात काठी असे गाडीपुढे उभे राहिले. त्यांनी तेवीस चेहरे एकेक करून बघितले.

"ह्यातलं कोन उभारलंय निवडणुकीला?"

राजशेखरांनी हवेचा नियम समजावून सांगितला. तापली की पातळ, गार की घट्ट. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि जेवायला चला म्हणाले. जेवणात रुद्रेशने मामांना आपल्या हाताने तीन वेळा आमरस वाढला. राजशेखरांनी चार वेळा. दोघेही पुढच्या सीटबद्दल बोलले नाहीत. मात्र हात धुवायच्या आधी राजशेखर गाडीशी जाऊन सीटवर स्वच्छ टॉवेल अंथरून आले, आणि परत येताना त्यांना रुद्रेश आपल्या सीटवर अत्तर शिंपडताना दिसला.

मग आंब्याच्या पेट्या चढवण्यात तासभर गेला. घाम पुसत राजशेखर वळले, तर अंगणात मामा नव्हते. रुद्रेशची गाडी फाटकातून बाहेर पडत होती, मागे दोघी बहिणी गप्पांत होत्या, आणि पुढच्या सीटवर पांढऱ्या पटक्याचे डोके पाठमोरे दिसत होते.

या खेपेला मामा घाटात उतरले नव्हते. ते बसलेच नव्हते. धैर्यशीलांनी राजशेखरांच्या खांद्यावर हात ठेवला, मग पुढची सीट रिकामीच आहे हे लक्षात घेऊन फेटा सावरत तिथे टॉवेलवर येऊन बसले.

"सोडायचं न्हाई," ते म्हणाले. "चला."

घाटाच्या पायथ्याशी राजशेखरांनी पद्धतीप्रमाणे पहिल्या वळणाचा जोर आगाऊ मागितला. तो आला नाही. दुसऱ्या वळणाचाही मागितला. इंजिन गुदमरल्यासारखे घुमत होते, काटा तांबड्यात गेला होता, आणि वरच्या रस्त्यावर ते पांढरे डोके दर वळणाला दिसून दिसेनासे होत होते. धैर्यशील मॅच बघितल्यासारखे काचेवर थापा मारत होते. तिसऱ्या वळणावर बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली. पेठेची गाडी म्हणून ती लांबून दिसत होती.

वर रुद्रेशनेही ती बघितली. त्याने गाडी थांबवली, उतरला आणि चालत खाली आला. त्याचा चेहरा पडलेला होता, हे राजशेखरांना विचित्र वाटले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. रुद्रेश त्यांच्याकडे न बघता थेट डाव्या बाजूला गेला, दार उघडले आणि मान खाली घालून म्हणाला,

"मामा, माझं काय चुकलं असंल तर पदरात घ्या. पन हिकडं या. हितं उकडतंय."

"येतो की," धैर्यशील म्हणाले आणि उतरले.

रुद्रेश फेट्याकडे बघत राहिला. राजशेखर तेवढ्यात चढावरून धावत रुद्रेशच्या गाडीपाशी पोचले होते. वर्षभराचे जे काही मनात साचले होते ते बोलून टाकायचे, वाटल्यास पाया पडायचे, अशा तयारीने त्यांनी पुढचे दार उघडले. सीटवर फणस होता. मोठा होता. त्याला पट्टा लावलेला होता, कारण त्याच्या वजनाने गाडी पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून किरकिर करत होती. त्याचा चीक लागू नये म्हणून सौंदर्याने त्यावर पांढरा पंचा गुंडाळला होता. अत्तराचा वास येत होता.

दोघे साडू रस्त्याच्या मध्यावर समोरासमोर आले.

"मामा कुठं हायत?" रुद्रेशने विचारले.

"तुमच्याकडं न्हाईत?"

"माझ्याकडं फनस हाय," रुद्रेश म्हणाला. मग त्याचे लक्ष खालच्या गाडीच्या नाकाकडे गेले. "साडू, ह्यो फ्लेक्स हवा जायच्या तोंडावरच बांधलाय की."

राजशेखरांनी बघितले. लोकांना अक्षर स्पष्ट दिसावे म्हणून त्यांनी वीस वर्षे काचा घासल्या होत्या. तेवीस जण त्यांच्याकडे बघून हसत होते.

सौंदर्याने काच खाली केली आणि काय झाले विचारले. तुमचे वडील हरवले, हे कसे सांगावे ते दोन्ही जावयांना सुचेना. शेवटी सुष्मितानेच विचारले, तुम्ही अप्पांना शोधताय का? अप्पा जेवण झाल्या झाल्या स्टँडवर गेले. दोघींना सांगून गेले.

"मग बोलायचं न्हाई व्हय?" राजशेखर म्हणाले.

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही दोघं सीटा पुसत हुता."

एवढ्यात खालून लांबलचक हॉर्न वाजला. लाल गाडी वळण घेऊन आली आणि आडव्या पडलेल्या गाडीमागे थांबली. ड्रायव्हरशेजारच्या पहिल्या सीटवर, खिडकीत कोपर टेकवून, मामा पान जुळवत बसले होते. त्यांनी खाली बघितले: थोरला जावई, धाकटा जावई, फेटा घातलेले मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी चुन्याचे बोट पुसले.

"जरा कडंला घ्या. लोकांचा खोळंबा हुतोय."

मग एका बाजूने राजशेखर आणि एका बाजूने रुद्रेश अशी दोघांनी गाडी ढकलून कडेला लावली. धैर्यशीलांनी हात करून एसटीला वाट दिली. ती चढ चढून वरच्या वळणाआड गेली.

भरमाप्पांना फेब्रुवारीत पंच्याहत्तर पूर्ण झाली होती. त्यांना एसटीला तिकीट लागत नाही.