गुहेतले चौदा अंश

बाळांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात एकच तापमापक होता. तो सरकारी होता, म्हणून तो गुहेत टांगलेला असे.

गुहा बारा महिने गार. कुरणखात्याचे प्रमुख अस्वलसाहेब तिथेच बसत आणि रोज आकडा लिहीत. चौदा.

आता नियम ऐका. मेंढ्यांच्या लेंड्यांतून जंतांची अंडी बाहेर पडतात. गारठ्यात ती नुसती पडून राहतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांच्या अळ्या होतात, गवताच्या पात्यावर चढतात आणि चरणाऱ्याच्या पोटात जातात. म्हणून ठरलं होतं, की पारा वीसवर गेला की खालचं कुरण बंद आणि वरचं माळरान खुलं. नियम चांगलाच होता. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

एके दिवशी सोनकी मेंढी गुहेत आली.

"सायेब, माझ्या कोकराचे डोळे आतून पांढरेफटक पडल्यात. जबड्याखाली सूज आलीया, जंतांचीच खूण हाय ही. माळरान उघडा."

साहेबांनी पारा पाहिला. "चौदा. एवढ्या थंडीत अळ्या वाढत नाहीत, बाई."

"भाईर उकडतंय, सायेब."

"ते तुमचं वैयक्तिक मत झालं."

"मग ह्यो भाईर नेऊन बघा की."

"उन्हात? फुटला तर चौकशी माझी होईल. अर्ज करा."

सोनकीनं अर्ज केला. माळरानाच्या वाटेवर लांडग्याचा पहारा होता, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. कोकरू खालच्याच कुरणात चरत राहिलं. अर्जावर समिती नेमली गेली. समितीवर कासव होतं. अळ्यांच्या बाजूला कोणी कासव नव्हतं.

नवव्या दिवशी समिती गुहेत पोचली. तिनं पारा पाहिला, चहा घेतला आणि आकडा बरोबर असल्याची सही केली.

दहाव्या दिवशी सकाळी कोकरू उठलंच नाही. सोनकीनं त्याला ओढत गुहेत आणलं. साहेब झोपले होते. कोकराला गार दगडावर ठेवून ती बिचारी त्याच्याशेजारी संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मला हे सांगताना अजून राग येतो, पण गोष्ट आहे तशी सांगायला हवी.

साहेब उठले. कोकराकडे पाहून तेही जरा हळहळले. आणि काय सांगू, त्यांनी खुंटीवरचा तापमापक स्वतःच्या हातानं काढला आणि कोकराच्या कुशीत ठेवला. सोनकी उठून जवळ आली.

"चौदा," साहेब म्हणाले. मग त्यांनी अहवाल लिहिला. 'कोकरू समक्ष तपासले. अळ्या वाढण्याइतकी ऊब त्याच्या अंगातही आढळली नाही. सबब, मृत्यू जंतांमुळे झालेला नाही.'

तात्पर्य: मोजमाप नेहमी सावलीत बसूनच करावं. उन्हात गेलं की आकडा बदलतो, आणि आकडा बदलला की काम करावं लागतं.